प्रोसेसर मी निवडला, आणि बरोबरच निवडला

थोरल्या साडूभाऊंना,

धाकट्या साडूचा दोन्ही हात जोडून नमस्कार (डाव्या अंगठ्याला पट्टी आहे, तरी जोडून). तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना आवाज करतो की नुसताच दुखतो, ते जरूर कळवा. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. ताईंची पाठ आता बरी असेल. इकडे आम्ही सगळे खुशाल. हिचं वजन वाढलेलं नाही (माझ्या काट्यावर. तिच्या मैत्रिणीकडच्या काट्यावर वाढलंय, पण तो काटा मी जुळवलेला नाही). फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही मध्येच हसता. पत्रात माणसाला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

ज्या टेबलावर हे लिहितोय ते टेबल माझ्या हातचं आहे. त्याच्या एकाही पायाखाली कागदाची घडी नाही. मागच्या खेपेला तुम्ही चहा सांडल्याचं निमित्त करून वाकून बघितलं होतंत, ते माझ्या लक्षात आलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी मी केली. हिची घडीची इस्त्रीची फळी मी केली. दारावरची घंटा मी केली, जी बटण दाबलं की वाजते आणि सोडलं की थांबते (ऐकायला सोपं वाटतं, पण तुमच्याकडची विकतची घंटा पाहुण्याचं आत येऊन पाणी पिऊन झालं तरी वाजत असते). आईच्या काठीच्या टोकाला स्कूटरच्या टायरचं रबर मी बसवलं. आई गेली तेव्हाही ते झिजलेलं नव्हतं. आणि लेकीचा गेम खेळायचा कॉम्प्युटर, तो तर नखशिखांत मी जुळवलेला. हे सारं कुठल्याही कॉलेजचं तोंड न बघता. मी दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. पहिला कॉम्प्युटर उघडला तेव्हा झाकण परत लावल्यावर दोन स्क्रू उरले होते. त्या दोन स्क्रूंवाचून तो पुढे कित्येक वर्षं व्यवस्थित चालला, म्हणजे कंपनीनेच ते उगाच लावले होते.

तर मुद्दा लेकीच्या कॉम्प्युटरचा. ती पाच जणांच्या संघातून ऑनलाइन खेळते, हे तुम्हाला ठाऊक आहेच (तुम्ही त्याला 'बंदूकबाजी' म्हणता, तिला ते आवडत नाही). येत्या रविवारी त्यांची उपांत्य फेरी आहे. पंचाईत अशी की गेली दोन वर्षं गेम जड होत चालले आणि मशीन म्हातारं. ऐन चकमकीत पडदा क्षणभर थिजतो, आणि तेवढ्यात समोरचा लेकीला टिपतो. संघातल्या पोरांनी तिचं नाव 'पुतळा' ठेवलंय. खोलीबाहेरून जाताना हेडफोनमधून मला स्वच्छ ऐकू येतं, "पुतळा गेला रे, पुतळा गेला!" एके संध्याकाळी मी तिच्यासाठी चहा घेऊन दाराशी उभा होतो. पलीकडचं कुणीतरी म्हणालं असावं की बाई, आता तरी नवीन घे. त्यावर लेक म्हणाली, "नवीन कशाला? हा माझ्या बाबांनी बनवलाय." साडूभाऊ, चहा दारातच निवला. मी तसाच परत गेलो, दुसरा केला, आणि ठरवलं की रविवारी लेक खेळेल ती याच मशीनवर, आणि थिजणार नाही.

आता दुसरा कुणी असता तर धावत जाऊन तुमच्यासारखा नवा आणला असता. तुमच्या मशीनबद्दल मला काही बोलायचं नाही. काचेच्या पेटीत सात रंगांचे दिवे फिरतात, छानच आहे, माशांना सोडलं तर तेही आनंदात राहतील. पण मी आधी रोग शोधतो. लेक खेळत असताना शेजारी बसून मी कुठला भाग किती राबतो ते आकडे बघितले. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रं काढणारा भाग, निम्मा वेळ हात बांधून उभा. आणि प्रोसेसर मात्र घामाघूम, शंभराला टेकलेला. हिला मी समजावलं, खाणावळीत वाढपी चपळ आहे, पण आत आचारी दमलाय. वाढपी बदलून ताट लवकर येणार नाही. ही म्हणाली, "मग आचारी बदला, पण घरखर्चाच्या डब्याला हात लावायचा नाही." झालं, रोग, औषध आणि बजेट तिन्ही एका बैठकीत ठरलं.

निवड कशी केली ते सविस्तर सांगतो, कारण उद्या तुम्हालाही लागेल (काच लागली म्हणून मशीन म्हातारं व्हायचं थांबत नाही). दुकानदाराने आधी दुसऱ्या कंपनीचा नवाकोरा प्रोसेसर पुढे केला. तो स्वस्त, पण त्याच्यासाठी मदरबोर्ड नवा, त्यासाठी मेमरी नवी. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तो बाजूला. मग माझ्याच बोर्डावर बसणारे तीन उरले. पहिला चार गाभ्यांचा (गाभा म्हणजे कोअर, एकेक आचारीच समजा), सगळ्यांत स्वस्त, वर चित्रं काढायची सोयही पोटात असलेला. पण आपल्याकडे वाढपी आहे, तर आचाऱ्याला वाढायला शिकवल्याचे पैसे का मोजा? शिवाय त्याची हाताशी ठेवायची जागा, कॅश म्हणतात तिला, अगदी लहान. दर फोडणीला मोहरी आणायला कोठीत जाणारा आचारी काय कामाचा? तिसरा आठ गाभ्यांचा. भारी, पण लेकीचा गेम वापरणार सहाच, म्हणजे दोन आचारी ओट्याला टेकून गप्पा मारणार, आणि त्यांना गार ठेवायला पंखा वेगळा घ्या. मी घेतला मधला, सहा गाभ्यांचा, पंखा सोबत मिळणारा. आणि मी तो सरासरी वेगावरून निवडला नाही. सगळे लोक सरासरी बघतात. मी काटेवाला आहे. नव्याण्णव वेळा बरोबर दाखवून शंभराव्या वेळी अडखळणारा काटा मी नापास करतो. म्हणून प्रत्येक प्रोसेसर त्याच्या सगळ्यांत वाईट क्षणी किती मंद होतो, ते मी ताडून बघितलं. पुतळा त्याच क्षणी होतो ना! दुकानदार म्हणाला, "साहेब, तुम्ही कुठे नोकरीला असता?" मी म्हटलं, तुमच्या गल्ल्याशेजारचा काटा सव्वा ग्रॅम जास्त दाखवतो. (तो स्क्रू काट्यावर तोलून विकतो.) पुढे तो अदबीने बोलला.

घरी आणून मी जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला. बसवताना श्वास रोखून धरावा लागतो, कारण या जातीच्या प्रोसेसरला खालच्या अंगाला सुयांसारख्या शेकडो पिना असतात, आणि एक वाकली की मामला आटोपला. एकही वाकली नाही. वर उष्णता पंख्याकडे नेणारा लेप लावला तो तांदळाच्या दाण्याएवढा, पंखा आवळला तो समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने फिरवून. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आता सुरू करून बघा." मी म्हटलं, घाई काय आहे. झालेल्या कामाची आधी नीट आवराआवर करायची, हा माझा शिरस्ता (काटा जुळवला की आधी हत्यारं पुसतो, मग वजन ठेवतो). आणि जुन्या प्रोसेसरने एवढी वर्षं इमानाने चाकरी केली, त्याला खणात फेकणं मला जड गेलं. म्हणून मी त्याचा किल्लीला लावायचा बिल्ला केला. कोपऱ्यात भोक पाडलं, अगदी मापात, दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर. खिशात टोचू नयेत म्हणून खालच्या सगळ्या पिना कानशीने घासून गुळगुळीत केल्या (अंगठ्याची पट्टी तिथली). ही म्हणाली, "अहो, आधी सुरू तरी करा!" मी म्हटलं, तुमच्या माहेरी सगळ्यांना घाईच. कडी ओवली, दाराची किल्ली लावली, खुंटीवर अडकवली. बघत राहावं असा झालाय.

मग बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा लागला. पडदा काळा ठिक्कर.

सांगतो काय झालं ते. मदरबोर्डात एक छोटा प्रोग्रॅम असतो, बायोस म्हणतात. मशीन सुरू झालं की तो दारवानासारखा आधी प्रोसेसरला ओळखतो आणि मगच पुढे सोडतो. आमचा दारवान जुना. हा नवा पाहुणा त्याच्या जन्मानंतरचा, त्यामुळे त्याने ओळख दाखवायचं नाकारलं. उपाय अगदी सोपा, दारवानाला नवीन माहिती द्यायची. मात्र ती द्यायला मशीन सुरू व्हावं लागतं, आणि मशीन सुरू व्हायला त्याच्या ओळखीचा प्रोसेसर आत लागतो. म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. आणि ओळखीचा प्रोसेसर होता खुंटीवर, भोकासकट. याला चूक म्हणायचं असेल तर म्हणा. बोर्डाच्या कंपनीच्या पानावर हा प्रोसेसर चालतो असं स्वच्छ लिहिलेलं मी वाचलं होतं. 'मात्र आधी बायोस बदला' हे त्याच ओळीत उजवीकडे होतं, आणि माझ्या फोनच्या पडद्यावर ते पान तेवढं उजवीकडे येत नाही. पान त्यांचं, मांडणी त्यांची; वाचणाऱ्याने काय करावं?

लेक कामावरून आली. तिने काळा पडदा बघितला, मग किल्ली बघितली, मग माझ्याकडे बघितलं. हसली नाही, यावरूनच मी समजलो. म्हणाली, "बाबा, राहू दे. मी रविवारी मावशीकडे जाऊन खेळते. त्यांचा नवीन आहे ना." साडूभाऊ, माझ्या हातात दिलेल्या वस्तूला आजवर कुणी 'राहू दे' म्हटलेलं नाही. गिऱ्हाइकांनी शिव्या दिल्या असतील, उशीर झाला म्हणून दारात बसले असतील, पण राहू दे नाही. ती आत गेली आणि ही मला म्हणाली, "जाऊ दे तिला. ताईला फोन करते." मी म्हटलं, फोन करू नकोस, मी पत्र लिहितो. रागावू नका, तुमचं घर परकं नाही, तुमच्याकडे तिला खुर्चीही चांगली मिळेल. पण ज्या मशीनबद्दल ती चार लोकांत 'बाबांनी बनवलाय' म्हणाली, ते घरात मेलेलं आणि ती तुमच्या माशांच्या पेटीसमोर, हे मला रविवारी बघवणार नाही.

निवड बरोबर होती, एवढं मात्र लक्षात असू द्या. ताईंना नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा. गुडघ्याला शेक द्या.

तुमचा धाकटा साडू

ता. क. लिहायचं राहिलं. हे मशीन जुळवलं त्याच आठवड्यात तुमच्यासाठीही मी एक जुळवलं होतं, हुबेहूब तेच भाग घालून. आता ताईंनी त्यावर कापड टाकून कुंडी ठेवली आहे. कुंडी उचलून ते शनिवारपर्यंत इकडे घेऊन यावं, ही विनंती. मीच आलो असतो, पण हा आठवडा बाजारातल्या काट्यांच्या तपासणीचा आहे. नुसता प्रोसेसर काढून आणू नका, तुमच्या हाताला पिना ऐकणार नाहीत. पेटी अख्खी आणा, बसमध्ये मांडीवर घ्या (दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला नको). तुमचा प्रोसेसर मी तासाभरासाठी लावीन, दारवानाला शिकवीन आणि जसाच्या तसा परत बसवून देईन. जाण्यायेण्याचं भाडं मी देणार, टॅक्सीने आलात तर टॅक्सीचं. वाद नको.

आणखी एक ता. क. ही पत्र वाचून म्हणते की एक गोष्ट लिहिल्याशिवाय पाकिटाला डिंक लावू देणार नाही. तिच्या समाधानासाठी लिहितो. काल त्या दुकानावरून सहज जात होतो. दुकानदाराने स्वतःहून विचारलं, सुरू झाला का. मी खरं ते सांगितलं. म्हणाला, घेऊन या, तसला जुना प्रोसेसर आमच्याकडे याच कामासाठी ठेवलेला असतो, तुमचा चहा पिऊन होईतो बायोस बदलून देतो. दोन गल्ल्या पलीकडे दुकान आहे. मी जुळवलेल्या मशीनचं झाकण परका माणूस उघडणार? मी तिथल्या तिथे नाही म्हटलं आणि चहाही घेतला नाही. तीनशे मागत होता.