सगळी खाती एकाच खिडकीत

३ फेब्रुवारी

आजपासून शिस्त. माझी ईमेलची चार खाती आहेत. ऑफिसचं, घरचं, सोसायटीच्या सचिवाचं आणि एक जुनं, ज्याच्यावर फक्त चपलांच्या जाहिराती येतात. आजवर चारही वेगवेगळी उघडत होतो. सचिवपदावरच्या माणसाला ही वणवण शोभत नाही. म्हणून कॉम्प्युटरवर मेलचा प्रोग्राम टाकला. डावीकडे खाती, मधे यादी, उजवीकडे मजकूर. सगळा कारभार एकाच खिडकीत. खुर्ची जरा उंच करून घेतली.

बायकोला बोलावून दाखवलं. तिने विचारलं, तुम्हाला एवढी पत्रं लिहितं तरी कोण? म्हटलं, मुद्दा तो नाही. मग मुद्दा काय, म्हणाली. मी सेटिंग्ज उघडल्या. ती गेली.

४ फेब्रुवारी

प्रोग्रामला नियम घालून देता येतात. मी एकच दिला, पण मास्टरस्ट्रोक. कामाचं जे काही पत्र येईल ते आपोआप ‘महत्त्वाचे’ या फोल्डरमध्ये जाईल. तो फोल्डर नंतर सवडीने, एकाग्र होऊन वाचायचा. तोवर इनबॉक्स स्वच्छ.

इनबॉक्समध्ये आता फक्त चपला.

९ फेब्रुवारी

लिफ्ट अजून बंद. लिफ्ट कंपनी म्हणाली होती, मेल करतो. रोज इनबॉक्स बघतो. काही नाही. लोकांना शब्दाची किंमत राहिलेली नाही.

आम्ही पाचव्या मजल्यावर. सासरे आमच्याकडेच असतात. त्यांचे गुडघे गेलेत, त्यामुळे खालच्या बाकावरचा पत्त्यांचा अड्डा बंद. त्यांनी तोड काढली आहे. त्यांचा दोस्त, निवृत्त पोस्टमन, त्यांची पानं वर करून धरतो. सासरे गॅलरीतून दुर्बिणीने बघतात आणि कुठलं पान टाकायचं ते ओरडून सांगतात. ते समोरच्यांनाही ऐकू जातं. रोज हरतात. म्हटलं, हवा तरी मोकळी मिळते. यावर ते काही बोलले नाहीत. सहमत असावेत.

महिनाअखेर सचिवपदाची निवडणूक. विरोधात तिसऱ्या मजल्यावरचे बासरीवाले मास्तर. काळजी नाही. माणूस फुंकण्यातच आयुष्य घालवतोय.

१२ फेब्रुवारी

लोक मनातून माझ्यावर खूश आहेत, पण बोलून दाखवायला लाजतात. कोणीतरी सुरुवात करायला हवी. म्हणून पाचवं खातं काढलं. नाव : जागरूक रहिवासी. ही फसवणूक नव्हे. लोकांना वेळ असता तर त्यांनी जे लिहिलं असतं, तेच मी त्यांच्या वतीने लिहिणार.

१३ फेब्रुवारी

पहिलं पत्र सर्वांना पाठवलं. ‘आपले सचिव म्हणजे देवमाणूस आहेत. त्यांना पर्याय नाही.’

पाठवणाऱ्याच्या चौकटीत सचिवाचं खातं राहिलं होतं. खाली माझी सही, पद आणि फोटो.

अध्यक्षांचा फोन आला. ते दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. त्यांनी विचारलं, झोप नीट लागते ना? मास्तरांनी सर्वांना उत्तर पाठवलं की सचिवांशी सचिव सहमत आहेत हे वाचून बरं वाटलं. मी तांत्रिक बिघाड असल्याचं कळवलं.

अशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून उपाय केला. आता जागरूकचं खातंच डिफॉल्ट. काहीही लिहिलं तरी त्याच्याच नावाने जाईल. प्रश्न मिटला.

१६ फेब्रुवारी, सकाळ

लिफ्ट कंपनीला झणझणीत पत्र लिहिलं. ‘महिना झाला लिफ्ट बंद आहे. म्हातारी माणसं घरात कोंडून पडली आहेत. तुम्ही आश्वासन देता आणि गायब होता. काम झेपत नसेल तर स्पष्ट सांगा, आम्ही दुसरा माणूस बघतो.’ पत्त्याच्या जागी ‘लिफ्ट’ एवढंच टाइप केलं, पुढचं प्रोग्रामने स्वतःच भरलं. यंत्राला माझं मन कळायला लागलंय.

१६ फेब्रुवारी, दुपार

प्रोग्रामने जे भरलं ते होतं ‘लिफ्ट वापरणारे सर्व रहिवासी’. ही यादी मागे मीच बनवली होती. आणि पाठवणारा अर्थातच जागरूक रहिवासी.

सगळ्या बिल्डिंगला वाटतंय, ते पत्र मला उद्देशून आहे.

पत्र पुन्हा वाचलं. भाषा उत्तम आहे.

१७ फेब्रुवारी

जागरूकवर कौतुकाचा पाऊस. ‘शेवटी कोणीतरी बोललं.’ तळमजल्यावरच्या शिंपीणबाई, ज्या मला जिन्यात ओळखही देत नाहीत, त्यांनी त्याला परिच्छेदभर आशीर्वाद दिलेत. सहा वर्षं सचिव आहे. मला आलेलं शेवटचं आभाराचं पत्र चपलांच्या कंपनीचं होतं.

सचिव या नात्याने गप्प बसणं बरं दिसलं नसतं. खातं आठवणीने बदलून जागरूकला समज दिली की टीका करताना भान ठेवावं. मग वाटलं, हा गप्प राहिला तर लोक म्हणतील घाबरला. म्हणून त्याच्याकडून उत्तर दिलं. ते इतकं बिनतोड झालं की त्यावर मला काही सुचेना.

२० फेब्रुवारी

लोक आता तक्रारी त्यालाच पाठवतात. जिन्यातला दिवा, गच्चीचं दार, पार्किंगमधला नळ. पाचही खात्यांत तेवढ्या एकालाच माझा नियम लावायचा राहिला आहे. पत्र आलं की टिंग वाजतं, त्यामुळे लगेच बघितलं जातं. इलेक्ट्रिशियनला जागरूकच्या नावाने दोन ओळी टाकल्या. त्याच दिवशी आला. जाताना मला म्हणाला, ते नवे साहेब ‘कृपया’ लिहितात हो. मी म्हटलं, नवीन आहेत अजून.

२२ फेब्रुवारी, दुपार

टिंग. जागरूकला पत्र. पाठवणारी माझी बायको.

‘नमस्कार. सचिव माझे मिस्टर आहेत. स्वभावाने वाईट नाहीत, पण आलेलं पत्र वाचत नाहीत. माझे वडील महिनाभर खाली उतरलेले नाहीत. काल पत्ते खेळायलाही नको म्हणाले. घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा बसलेला नाही. हे मी घरात बोलले, पण घरात कॉम्प्युटर चालू असतो. तुमच्याकडून काही होईल का?’

ती शेजारच्याच खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. मी उठून दारापर्यंत गेलो. परत आलो. उत्तर लिहिलं : ‘काळजी करू नका, ताई. मी बघतो.’

पलीकडे तिचा फोन वाजला. थोड्या वेळाने ती गुणगुणायला लागली. बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

बायकोला ताई म्हणायला नको होतं.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

‘महत्त्वाचे’ फोल्डर उघडला. बापरे. लिफ्ट कंपनीचं पत्र होतं. पार्ट आला आहे, फक्त ‘हो’ कळवा, लगेच बसवतो. तारीख माझ्या नियमाच्या दुसऱ्या दिवसाची. त्याखाली त्यांचीच दोन स्मरणपत्रं. दुसऱ्यात ते विचारत होते, आपल्या इमारतीत कोणी राहतं का?

‘हो’ असं लिहून पाठवलं. अर्थात जागरूकच्या खात्यातून, डिफॉल्ट तेच आहे. त्यांना कोणाचंही ‘हो’ चालणार होतं.

दोष कोणाचा, यात शिरण्यात अर्थ नाही. प्रोग्रामने मला स्पष्ट सांगायला हवं होतं.

२५ फेब्रुवारी

लिफ्ट सुरू. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून खाली गेले. दुर्बीण टेबलावरच ठेवून गेले. पहिलाच डाव हरले, आणि दिवसभर खुशीत होते.

लिफ्टमध्ये कोणीतरी कागद चिकटवला आहे : ‘जागरूक रहिवासी यांचे आभार.’ बायको म्हणाली, बघा, माणसाने मनावर घेतलं की होतं. म्हटलं, माझेही प्रयत्न चालू होते. हो हो, म्हणाली.

संध्याकाळी मास्तरांनी माघार घेतली आणि जागरूकचं नाव सुचवलं. तोंड न दाखवता काम करणारा माणूस आपल्या सोसायटीला प्रथमच मिळतोय, असं अध्यक्षांचं मत पडलं. जागरूकने नम्रपणे होकार कळवला. नकार देणं उद्धटपणाचं झालं असतं.

परिस्थिती उत्तम आहे. दोन्ही उमेदवार मीच. हरणं अशक्य.

२८ फेब्रुवारी

हरलो.

मला एक मत. तेही माझं नव्हतं. स्वतःला मत देणं बरं दिसत नाही, म्हणून मी जागरूकला दिलं.

टाळ्या थांबेनात. मला राहवलं नाही. उभा राहिलो आणि म्हणालो, जागरूक रहिवासी मीच आहे.

टाळ्या थांबल्या. मास्तर म्हणाले, निदान त्या माणसाच्या कामाचं श्रेय तरी त्याला राहू द्या. मी म्हटलं, पुरावा देतो. अध्यक्षांनी आपला लॅपटॉप पुढे केला. खातं पासवर्ड मागायला लागलं. तो मी पहिल्या दिवशी एकदाच टाकला होता, नंतर प्रोग्रामच लक्षात ठेवायचा. माझी जन्मतारीख टाकली. बायकोची टाकली. ती चूक असल्याचं मागून बायकोने सांगितलं. योग्य तारीख टाकली, तीही चालली नाही. मग खातं लॉक झालं.

अध्यक्षांनी पाणी दिलं. पूर्वी रुग्णाच्या खांद्यावर ठेवत असतील तसा हात ठेवला.

वर येताना लिफ्टमध्ये सासरे म्हणाले, ते एक मत माझं बरं का. अगदीच शून्य वाईट दिसतं.

घरी बायको म्हणाली, हरल्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका. कोणी दुसऱ्याचं नाव सांगतं का असं?

१ मार्च

आता घरच्या प्रोग्राममध्येही जागरूकचं खातं पासवर्ड मागतंय. विसरल्यास पर्यायी पत्त्यावर कोड पाठवतात. पर्यायी पत्ता म्हणून मी त्याच खात्याचा पत्ता दिला होता. म्हणजे कोड आला आहे. फक्त आत आहे.

अध्यक्षांच्या सूचनेनुसार नव्या सचिवांकडे पदभार सोपवल्याचं पत्र पाठवलं. पोचल्याचं उत्तर नाही.

१० मार्च

बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकतंय. वरच्या टाकीचा पाइप फुटला असणार. नव्या सचिवांना रीतसर कळवलं. उत्तर नाही. परवा पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. निवडून येईपर्यंत टिंग वाजलं की हजर असायचे. मी सहा वर्षं पद सांभाळलं, पण इतका बेफिकीरपणा केला नाही.

बायकोला म्हटलं, बघितलंस तुझा जागरूक? ती म्हणाली, कामात असतील. तुमची भाषा कडक असते, मी लिहिते, मला ते नाही म्हणणार नाहीत. तिने लिहिलं. छान लिहिलं. मला वाचून दाखवलं.

तेव्हापासून ती दर थोड्या वेळाने फोन बघते आहे. मी दोनदा बादली रिकामी केली. खरं तर हे सचिवांचं काम आहे.