वाघोलीच्या फ्लॅटखालची निळी रेघ

मंगळवार, संध्याकाळ

आज ऑफिसात जमिनीच्या उंचीचा नवा, बारीक डेटा आमच्या ऑनलाइन नकाशावर चढवला. आता कुठेही क्लिक केलं की तिथून पावसाचं पाणी कसं वाहतं ते निळ्या रेघेत दिसतं. कौतुकानं सगळ्यात आधी दादाच्या वाघोलीच्या नव्या फ्लॅटवर क्लिक केलं. निळी रेघ थेट त्याच्या बिल्डिंगखालून गेली. डेटाची चूक असेल म्हणून पुन्हा तपासलं. रेघ तिथेच. आजूबाजूला सगळं काँक्रीट, पाणी मुरायलाही जागा नाही.

दादाला फोन केला, बिल्डिंगखाली ओढा दिसतोय म्हणून सांगितलं.

"अगं, ओढा कसला? मी स्वतः बघून आलोय. जमीन एकदम सपाट आहे."

"सपाट आहे म्हणजे बुजवलाय, दादा. वरच्या उताराचं पाणी तिथेच येणार."

"मग आता मी काय करू? ताबा घेऊन झाला. आईचे गुडघे बघून मुद्दाम तळमजला घेतला."

नकाशावरची रेघ फार तर पुसता येईल मला. पण पाणी तिथूनच जाणार.

आईला तरी सांगायचंच, असं ठरवून घरी आले आणि लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. तिनं चष्मा लावला, निळ्या रेघेवरून हळूहळू बोट फिरवलं आणि फ्लॅटपाशी थांबवलं. चेहरा एकदम खुलला.

"बरं झालं बाई. तिकडे सगळे टँकरवर असतात म्हणे. आपल्याला तरी पाण्याची ददात नाही."

ददात नाही, म्हटलं.