नवं स्टेरिंग, जुना खांदा

३ नोव्हेंबर, सोमवार
बोटीच्या नव्या स्टेरिंगचा डबा आला. सचिव वानखडेंनी सोसायटीच्या हापिसात नारळ फोडून उघडला, जसा काही नवा ट्रॅक्टरच आणला. आत चाकामागं बसवायचा पंप, दोन काळे लांब पाईप, इंजिनाले जोडायचा दांडा अन् इंग्रजी पुस्तक. सगळे हात लावून पाहून राह्यले होते. मी नाई लावला.

वानखडे म्हणे, "तुम्ही म्हनले स्टेरिंगची वायर जाम झाली म्हनून हे सारं केलं. आता लोकायनं बिनघोर बसावं." मी हाव म्हणलं.

वायर जाम झाली नव्हती.

कुठंतरी लिहावं लागते म्हणून लिहितो. वही घरी नेत नाई, बायको शोभा वाचते. बोटीतच सीटखालच्या डब्यात राहीन.

मागच्या महिन्यात बाजारच्या दिवशी धरणात बुडालेल्या बाभळीपाशी बोट वळवताना उजवा खांदा दगा देऊन गेला. चाक हातातून सुटलं. बोट बाभळीवर. भाजीवाली सिंधूबाई मेथीच्या गठ्ठ्यासकट बाकावर आपटली, मनगट मोडलं. सगळे वरडत होते, काय झालं, काय झालं. तोंडातून निघालं, वायर जाम झाली. मंग तेच सगळ्यायच्या तोंडात बसलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
शेगावले जाऊन आलो. घरी सांगितलं दर्शनाले जातो. स्टेशनजवळच्या डॉक्टरले खांदा दाखवला. "हात वर करा." कानापर्यंतही गेला नाई. त्यानं मागून दाबला तं डोळ्यात पाणी आलं. खांदा आखडला म्हणे, चारसहा महिने लागतीन, वजनाचं काम नको, झटका नको.

"काम काय करता?"
म्हणलं, शेती.

बोट चालवतो हे त्याले सांगून काय बिघडत होतं? तो थोडीच वानखडेले फोन करणार होता! पण नाई निघालं तोंडातून. सवय लागून राह्यली, दुसरं काय.

दर्शनही घेतलं. शोभाले सांगितलं त्यातलं तेवढं तरी खरं झालं.

८ नोव्हेंबर, शनिवार
उंद्रीचा गजू मिस्त्री आला. जुन्या ट्रॅक्टरायले पॉवर स्टेरिंग बसवते, बोटीले पहिल्यांदाच हात लावून राह्यला. माह्याच वर्गातला. शाळेत याची पाटी मी फोडली होती, ते अजून काढते.

सकाळी जुनी वायर काढली. गजूनं एक टोक पायाखाली दाबलं अन् दुसऱ्या टोकाची सळई आतबाहेर केली. सर सर गेली, कुठंच अडकली नाई. पुन्हा केली. मंग माह्याकडं पाह्यलं. मी पाण्याकडं पाहून राह्यलो.

गजूनं वायर गुंडाळून स्वतःच्या थैलीत टाकली.
म्हणलं, भंगारात दे ना.
म्हणे, "राहू दे माह्यापाशी."

खांदा दिवसभर ठणकला. काही उचललं नसताना.

९ नोव्हेंबर, रविवार
पंप बसला, पाईप ओढले. गजू पाईपाच्या आट्यायले नळाची पांढरी टेप गुंडाळून राह्यला होता. पुस्तकात टेपीच्या चित्रावर फुली हाये, मीच दाखवली. म्हणे, "त्यायले का माहीत? म्या शंभर ट्रॅक्टरायले लावली. गळायले नको म्हनून लावतो."

पण एक गोष्ट त्यानं सांगितली, ती डोक्यातून जाऊन नाई राह्यली. ट्रॅक्टरात इंजिन तेल ढकलते. बोटीत तसं नाई. चाक फिरवलं की पंप फिरते, पंप तेल ढकलते, तेल इंजिन वळवते. "इथं तुहा हातच पंप हाये बे."

वरून चाक हलकं, पण फेरे जास्त. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच फेरे. एका बोटानं फिरते हे खरं. पण बाभूळ समोर आली तं पाच फेरे किती वेळात?

मी मोजून पाह्यले, कोणी नसताना. डाव्या हातानं भरभर होतात. उजव्यानं तिसऱ्या फेऱ्याले थांबावं लागलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
आज बाजार. बोट बंद. बाजार पलीकडच्या काठावर, म्हणून माणसं जीपमध्ये कोंबून लांबच्या रस्त्यानं गेली. बोटीनं वीस मिनिटाचं काम, त्यायले दोन तास लागले.

सिंधूबाई मुद्दाम धक्क्यावर आली. हात प्लास्टरात, गळ्यात बांधलेला. तरी दुसऱ्या हातात मेथीच्या दोन जुड्या, माह्यासाठी. म्हणे, "त्या वायरीचा मुडदा गेला! तुमचा का दोष, भाऊ. तुम्ही होते म्हनून वाचलो." अन् म्हणे, नवं यंत्र बसलं की पहिल्या फेरीले मीच बसीन, मंग बाकीच्यायची भीती जाईन.

मेथी घेतली. काय करतो? शोभानं भाजी केली. दोन घास खाल्ले. म्हणे, काऊन, मीठ जास्त झालं का?

मीठ बरोबर होतं. मी तिच्यावरच खेकसलो. चुकलंच.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आज ट्रायल. वानखडे पुढं बसले, गजू मागं इंजिनापाशी. सकाळचं धुकं अजून पाण्यावर होतं.

तेल भरून, हवा काढून दोन दिवस झाले होते. धक्क्यावर चाक मस्त फिरत होतं. पण मधात गेलो अन् बोट डावीकडं जायले लागली. थोडी थोडी. मी चाक धरूनच होतो, तरी. उजवीकडं घेतलं, सरळ झाली. चाक तिथंच धरलं, पुन्हा डावीकडं.

वाटलं, उजवा हात ढिला पडून चाक सुटून राह्यलं अन् मलेच समजत नाई. खांदा बधिर होता, गोळी घेऊन आलो होतो. मंग मी दर घडीले थोडं थोडं उजवीकडं देत राह्यलो, कोणाले दिसू नये असं. तोंडावर हसू. आंगात घाम, अन् थंडी एवढी की वानखडे कानाले मफलर बांधून.

बाभळीजवळून नेली. हातभर राह्यली.

धक्क्यावर गजूनं विचारलं, "काही वाटलं का? वढते का कुठं?"
म्हणलं, नाई. एकदम लोणी.
त्यानं पुन्हा विचारलं. "पक्कं?"
म्हणलं, पक्कं म्हणजे पक्कं, स्टँप पेपरवर लिहून देऊ का?

वानखडेंनी तिथूनच फोन लावले. मंगळवारपासून बोट सुरू. मले म्हणे, "तुमच्याशिवाय हाये कोन आमाले?"

खरंच कोणी नाई. कारण मी कोणाले शिकवलंच नाई. वसंता जाळी टाकते, बोट त्याच्या आंगात हाये, तीन वर्षं झाले मागं लागला. आज नाई, उद्या पाहू, असंच केलं त्याच्याशी.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी धक्क्यावर आलो तं गजू आधीच बोटीत. पंप खोलून बसलेला. हातात तांदळाएवढा पांढरा तुकडा. टेपीचा.

म्हणे, "हे व्हॉल्व्हात अडकलं व्हतं. म्हनून तेल मागं सुटत व्हतं, चाक धरलं तरी बोट डावीकडं जात व्हती. चूक माही. पुस्तकात फुली व्हती, तू दाखवली, म्या मस्तीत ऐकलं नाई."

मंग उभा राह्यला. "पन मले हे सांग. शनिवारी तू दर घडीले उजवीकडं देत व्हता, म्या मागून पाह्यलं. दोनदा इचारलं तुले. काऊन नाई सांगितलं बे?"

त्यानं तो तुकडा माह्या तळव्यावर ठेवला.

"उद्या पंधरा मानसं बसली असती. बायका. त्या सिंधूबाईले तं एकच हात हाये पोहाले!"

तेव्हा निघालं तोंडातून. म्हणलं, मले वाटलं माहाच हात. यंत्राची चूक असीन हे डोक्यातच नाई आलं. कशी येईन? बाभळीच्या दिवशीही हातच होता, गजू. वायर नव्हती.

म्हणे, "माहीत हाये. वायर हातात घेतली तवाच समजलं. नऊ दिवस वाट पाहून राह्यलो, तू सांगशीन म्हनून."

लाज वाटली. पण खरं सांगतो, आंगावरून पोतं उतरलं असंही वाटलं. दोन्ही एकदम.

त्यानं माह्यासमोर वानखडेले फोन लावला. साहेब, टेप लावायची माही चूक झाली, आज सारं खोलून, धुवून, पुन्हा बसवतो. वानखडे वरडले, मले ऐकू येत होतं. गजू हाव साहेब, हाव साहेब करत राह्यला. फोन झाला अन् माह्यापुढं धरला.
"माहं म्या सांगितलं. तुहं तू सांग."

मी फोन घेतला नाई. म्हणलं, वानखडेले नंतर. पहिले सिंधूबाईले.

दुपारपर्यंत बसवलं. टेपीऐवजी गजूनं बुलढाण्याहून पातळ डिंकासारखं काहीतरी आणलं, ते लावलं. पाण्यात नेली. यावेळी एकही वळण लपवलं नाई, जे वाटलं ते मोठ्यानं बोलत गेलो. चाक धरलं की बोट धरल्या जागी. जराही हलत नाई. यंत्र एकदम नीट झालं.

उजव्या हातानं पाच फेरे पुन्हा केले, गजूसमोर. चौथ्याले थांबलो. त्यानं मोजलं. जाताना थैलीतून जुनी वायर काढून सीटवर ठेवून गेला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ
सिंधूबाई सगळ्यायच्या आधी आली, म्हणल्याप्रमाणं. डोक्यावर गाठोडं, प्लास्टरावर नव्या लुगड्याचा पदर. बोटीत पाय टाकणार तं म्हणलं, थांबा. वायर तिच्यासमोर धरली, आतबाहेर करून दाखवली. मंग सारं सांगितलं. खांदा, शेगाव, ट्रायलले लपवलं ते पण. माफी मागितली का नाई तेही आता आठवत नाई. बहुतेक नाई.

तिनं प्लास्टरावरचा पदर बाजूले सारला.
"म्या गावभर वायरीले शिव्या देल्या."
मी हाव म्हणलं.
"अन् तुमाले मेथी आनून देली."
हाव.
"मनगट मोडलं त्याचा राग नाई आला असता एवढा. हात कोनाचाही दुखते. पन तुम्ही माह्या तोंडून खोटं बोलवलं."



गाठोडं तिनं खाली धक्क्यावर ठेवलं अन् त्यावरच बसली. विचारलं, जीप बोलावू का? वसंताले हाक मारू का? तो शिकलेला नाई, पण मी बाजूले बसलो तं नेईन हळूहळू.

म्हणे, "आता मले एकटीले नका सांगू. सगळे येऊ द्या. जे मले सांगितलं ते सगळ्यायसमोर सांगा. मंग पाहू कोन बसते अन् चाक कोन धरते."

वसंता जाळी सोडून जवळ येऊन उभा हाये. चावी माह्या मुठीत, डाव्या.

गावाकडच्या उतारावरून माणसं यायले लागली. आठदहा दिसतात. पुढच्या बाईच्या कडेवर लेकरू हाये. सिंधूबाईनं त्यायले हात केला. वही ठेवतो, वायर हातात घेतो.