केसमधली मावशी

मोरवा, भाईंदर
माघ वद्य पंचमी

तीर्थरूप भाऊजींच्या चरणी हिराजीचा दंडवत. आपला दमा, ताईचे गुडघे आणि पेणची हवा ही तिन्ही बरी असतील अशी आशा आहे. इकडचे वर्तमान बरे म्हणावे की वाईट, हे माझे मलाच कळेनासे झाले आहे, म्हणून हे पत्र जरा लांबणार. चष्मा पुसून बसावे.

चि. कुमुदचे लग्न फाल्गुनात ठरल्याचे वाचून घरात साखर वाटली (रेशनची होती, म्हणून चिमूटचिमूटच). त्याच पत्राच्या शेवटी आपण बारीक अक्षरात लिहिलेत की वरपक्ष मोठा, लोक संशयी, तेव्हा माझ्या धाकट्या भावाला, कमळाकरला, लग्नाला आणू नये. त्या ओळीवर मी दोन रात्री तळमळलो. उत्तर देणारच आहे, पण आधी पालीला काय घडले ते सांगितल्याशिवाय उत्तराला अर्थ राहणार नाही.

आपल्याला ठाऊकच आहे, कमळाकरला खारावर काम करता करता मिठाच्या राशी नावाने हाका मारायला लागल्या, मग विहिरीचे पाणी कोणी विषारी केले असे वाटू लागले, आणि शेवटी तो बोलायचाच थांबला. भगत झाले, उतारे झाले, नवस झाले. भगताने माझा काळा कोंबडा नेला, आणि कमळाकर होता तिथेच राहिला. मग कोणी सांगितले की उत्तनचे डॉक्टर रुडॉल्फ लढाईवरून परत आले आहेत, तिकडे लष्करी इस्पितळात त्यांनी शिपायांची डोकी ताळ्यावर आणली, आणि आता शेजारच्या पालीला वडिलांच्या बंगलीत अशीच माणसे ठेवून घेतात. म्हणून श्रावणात मी त्याला तिथे पोचवला.

आता औषध काय, तर बाटली नाही, पुडी नाही. समुद्राकडच्या ओसरीवर गोल करून खुर्च्या मांडायच्या आणि सगळ्यांनी मिळून बोलायचे! मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट आली. आमच्या मोरव्यात माणसे अशी गोल बसतात ती तंटा तोडायला, आणि तिथे मी गेली कित्येक वर्षे पंच आहे. तेव्हा डॉक्टरांनी ‘बसा’ म्हणताच मी बसलो, आणि बसलो तो पंच म्हणूनच (डोक्यावर पागोटे होतेच). डॉक्टरांनी मला का उठवले नाही, ते देव जाणे. पुढे समजले की अर्धा दिवस ते मला नवा रोगी समजत होते. खरे सांगतो भाऊजी, त्या ओसरीवर रोगी कोण, भेटायला आलेला कोण, हे कपड्यांवरून ओळखता येत नाही. एक गृहस्थ छान कोट घालून माझ्याशी मिठाच्या भावाबद्दल बोलले, ते रोगी निघाले. एक जण कोपऱ्यात स्वतःशीच पुटपुटत होता, तो डॉक्टरांचा मदतनीस होता.

ऑगस्टीन नावाचा एक कोळी आहे. त्याची होडी बुडाली तेव्हा जे सोबती गेले, ते त्याला रोज हाका मारतात. सगळे जण त्याला सांगत होते की असे काही नसते. मला पंच म्हणून ते पटेना. गैरहजर पक्षाचे म्हणणे ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा कसा? मी विचारले, ते म्हणतात तरी काय? ऑगस्टीन माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, “माना सांगतान, तू कनाला वाचला?” म्हणजे, तू कशाला वाचलास, असे ते त्याला विचारतात. मी माझ्या चंचीतला विडा त्याला दिला, आम्ही तंट्यानंतर देतो तसा. डॉक्टरांनी घाईघाईने काहीतरी लिहून घेतले आणि मला पुढच्या रविवारीही यायला सांगितले. मी अर्थात फुगलो.

असे पौषापर्यंत चालले. कमळाकर रोज त्या गोलात बसे, पण तोंड उघडत नसे. त्याची पाळी आली की मी सांगे: त्याला झोप लागते, त्याला बोंबील आवडतात, त्याला आता बरे वाटते. माणूस गप्प असला की कोणीतरी बोलायला हवे ना?

मग मागच्या रविवारी डॉक्टरांनी नवीच तऱ्हा काढली. म्हणाले, आज मी एक केस सांगतो, नावगाव बदलून. तुम्ही सगळ्यांनी विचार करून सांगा की हा माणूस बरा का होत नाही. केस अशी. वसईकडे एक नारळाच्या वाडीचा मालक आहे. आजारी. त्याची एक मावशी आहे, फार प्रेमळ. त्याला विचारले जेवलास का, की मावशी म्हणते जेवला. त्याला विचारले भीती वाटते का, की मावशी म्हणते छे छे. तो तोंड उघडायच्या आत मावशीचे उत्तर तयार.

भाऊजी, माझे पित्त खवळले. काय ही बाई! मी उठून उभा राहिलो आणि कोणाला बोलूच न देता निकाल दिला, की मावशीला गोलाबाहेर बसवावे, आणि तो माणूस स्वतः बोलावील तोवर तिने एक अक्षर काढू नये. ऑगस्टीन खाली बघू लागला. कोटवाले गृहस्थ खोकले. मला वाटले, निकाल फार कडक झाला. तेवढ्यात माझ्या शेजारून हसण्याचा आवाज आला. कमळाकर हसत होता. डोळ्यांत पाणी येईतो हसला आणि म्हणाला, “दादा, ती मावशी तू हाय.”

मी भांडलो. म्हटले, माझी वाडी नाही, नारळ नाहीत, आणि मी बाईमाणूस कुठून झालो? डॉक्टर म्हणाले, म्हणूनच तर बदलले. मला अजून नीट उमगलेले नाही. पण भावाचा आवाज इतक्या महिन्यांनी ऐकला, आणि मी त्या ओसरीवर सर्वांदेखत रडलो, हे मात्र खरे. निकाल पंचाचा होता, तो फिरवता येत नाही. मी खुर्ची उचलून गोलाबाहेर नेली. आता सगळी पाली मला मावशी म्हणते.

ताईस नमस्कार, कुमुदला आशीर्वाद.
आपला,
हिराजी

ता. क. लग्नाच्या उत्तराचे राहिलेच. कमळाकर पंधरा दिवसांकरिता घरी आला आहे. आपण इतके लिहिले आहे तर तो येणार नाही, त्याला गर्दी सोसत नाही, त्याला वाईटही वाटणार नाही, असे लिहायला घेतले होते. मग खोडले. कागद त्याच्यापुढे सरकवून मी अंगणात जात आहे.

ता. क. भाऊजी, मी कमळाकर. मला लग्नाला यायचे आहे. कोणी विचारले तर मी आजारी होतो हे मीच सांगेन, तुम्ही खोटे बोलू नका. आवाज अजून अधूनमधून येतात. आले तर मी उठून मांडवाबाहेर बसेन, आणि गेले की परत येईन. नको म्हणायचे असेल तर तसे म्हणा. पण पत्र माझ्या नावाने घाला.