गुडघ्याला गुडघा लावून

बेंगळूरु, ५ जून

चि. सौ. चंदनास अ. उ. आ.

फोनवर तुझं बोलणं आता कळत नाही, म्हणून पत्र. डावा कान गेलाच, उजवाही निघालाय. आमच्या अभिराजने वाढदिवसाला गुपचूप माझी गिटार दुरुस्त करून आणली. तारा फारच वर आल्यात म्हणून दुकानदाराने त्यांच्याखालचा उंच तुकडा काढून टाकला. आता ती मांडीवर आडवी घेऊन पोलादी कांडी फिरवली की ती मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटून खडखड होते. पोराचा हेतू चांगला, म्हणून सरी, बरं झालं, म्हटलं. वाटतं, ती त्यालाच देऊन टाकावी. या हवाईयन वाजवण्यात कांडी कुठे थांबवायची ते कानच सांगतो, आणि माझा कान संपत आला. एकदा तुझ्याबरोबर आपलं ते गाणं वाजवायचं होतं, एवढंच.

लोभ आहेच, तो काही कानावर अवलंबून नाही.
मल्हारराव

म्हैसूर, ११ जून

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

गिटार दिलीत तर माझ्याशी गाठ आहे. तो तुकडा मिळण्याआधी आप्पांनी काय केलं होतं? मानेच्या टोकाला, तारांखाली आईची विणायची जाड सुई सरकवली होती. वहिनींच्या टोपलीतली एक घ्या. त्या अमेरिकन नवरा-बायकोची तबकडी ऐकून आपण ते गाणं शिकलो, तेव्हा तुमचे कान शाबूत होते, तरी सूर सुटायचाच. मी साधी गिटार वाजवत गायचे आणि तुम्हाला गुडघ्याने ढोसायचे. गुडघ्याला गुडघा लावून बसायचो ते त्यासाठीच. माझे गुडघे दुखतात, पण तेवढं काम करतील. रविवारी येते. अभिराजला रागावू नका.

आपली, चंदना

बेंगळूरु, २५ जून

चि. सौ. चंदनास अ. उ. आ.

तू गेल्यावर घर शांत वाटलं, म्हणजे कान थोडा शिल्लक आहे. सुई छान बसली. पहिल्या कडव्यांत तुझा गुडघा सारखा लागत होता, शेवटच्यात एकदाही नाही. अभिराज म्हणतो, तिथे तू गिटार थांबवलीस आणि नुसती गायलीस. सूर लागला होता, की तुला माझी दया आली? खरं कळव. गिटार ठेवायची की नाही, ते त्यावर ठरवेन.

मल्हारराव

म्हैसूर, १ जुलै

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

सूर लागला नव्हता. तुम्ही चांगलेच खाली उतरला होतात. माझी गिटार पट्ट्यांना बांधलेली, तिला दोन सुरांमधल्या त्या जागी येता येईना, म्हणून थांबवली. गळा मोकळा होता. मग मीही खाली उतरले, आणि आपण दोघं एकाच जागी होतो. ढोसू कशाला?

गिटार ठेवा. लोभ असू द्यावा, कमी पडला तर गुडघा आहेच.

आपली, चंदना