परबकाकूंचं वाटप आणि विश्वाची पहिली थरथर

घाटकोपर,
रविवार दुपार

प्रिय दादा,

काकांनी तुला परस्पर शब्द देऊन टाकलाय म्हणे, की वर्षाच्या आत शैलाचं लग्न करून देतो. घाटावर, पिंडासमोर, हात जोडून! मला विचारलं? छे! बायकांना घाटावर न्यायचं नाही ही आपल्याकडची रीत, तेव्हा माझ्या लग्नाची बोलणी माझ्याशिवाय झाली, आणि तीही गेलेल्या माणसाशी. आज सकाळी काका मुलुंडचं स्थळ घेऊन आले तेव्हा मला हे कळलं. म्हटलं, थांबा, आता मीही दादाशी थेटच बोलते.

मुलुंडवाल्यांचं म्हणणं, मुलगी शिकली तेवढं पुरे. आणि इकडे कॉलेजात सर म्हणतायत, पुढच्या महिन्यापासून संशोधनाला ये. विषय तोच रे, आपला! विश्व जन्मलं तेव्हा जी थरथर उठली, तिच्या लाटा अजून फिरत असतील का? आणि असतील तर पकडायच्या कशा?

साकीनाक्याच्या कारखान्यातून तू तो अॅल्युमिनियमचा दांडा खांद्यावर टाकून आणलास, आठवतं? तू तिथे ड्रॉइंगं काढायचास आणि घरी येऊन माझं डोकं खायचास. मी एकदाच बोलून गेले होते, की गुरुत्वाकर्षणाची लाट गेली की जागाच किंचित ताणली जाते, आणि परदेशात असे भलेमोठे दांडे टांगून ती लाट आली का ते ऐकतात. झालं! तू पाळण्याच्या कडीला दांडा टांगलास, जुन्या रेकॉर्ड प्लेअरची पिन त्याला चिकटवलीस आणि वायर रेडिओला जोडलीस. आई म्हणाली, "सून आणून तिथे पाळणा बांध म्हटलं, तर ह्याने लोखंड टांगलं." तू म्हणालास, "लोखंड नाही गं, अॅल्युमिनियम!" जसं काही आईचं समाधानच होणार होतं.

मग तो रविवार. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि तू जिना चढत ओरडत आलास, "शैले, लागली गं! लाट लागली!" मी ओले हात घेऊन धावले. रेडिओतून खरंच आवाज येत होता, घर्र... घर्र... घर्र, अगदी तालात. तुझ्या डोळ्यांत पाणी. मला हसू आवरेना, कारण त्याच तालात भिंतीपलीकडे शेजारच्या परबकाकूंचा वरवंटा पाट्यावर फिरत होता. मटणाच्या मसाल्याचं वाटप! तू भिंतीला कान लावलास आणि तुझा चेहरा असा काही पडला की काय सांगू. पण हार मानशील तर तू कसला! तिथेच जमिनीवर बसलास आणि विचारलंस, "मग हा गोंगाट नाही, अशी जागा कुठे असेल?"

दादा, इतका चांगला प्रश्न मला एम. एस्सी.च्या परीक्षेतही कुणी विचारला नाही.

मी म्हटलं, वरच्या पट्टीत. एखादा तारा कोसळला तरी त्याचं अंग केवढं अवजड! तो इतक्या झरझर थरथरूच शकत नाही. म्हणून खूप वरच्या पट्टीतली लाट करणारं आकाशात आज आपल्या ओळखीचं कुणीच नाही. पण विश्व अगदी चिमुकलं आणि भयंकर तापलेलं होतं, तेव्हा ते तसं थरथरलं असेल. नंतर विश्व ताणलं गेलं तशा त्या लाटाही ताणल्या गेल्या, तरी काही अजून फार आखूड, म्हणजे वरच्या पट्टीतल्याच असतील. प्रकाश तेव्हा तापलेल्या कणांच्या गर्दीत अडकून पडला होता. ह्या लाटांना मात्र कुणी अडवत नाही.

"म्हणजे त्या आत्ता आपल्यातून जातायत?"

"असतील तर जातायत."

"परबकाकूंच्या मटणातून पण?"

"हो रे बाबा, मटणातून पण!"

केवढा खूश झालास! मग मी सांगितलं, आपला दांडा ह्या कामाचा नाही. इथे तांब्याचा पोकळ डबा लागेल, आत रेडिओच्या आखूड लहरी कोंडायच्या आणि त्या कणभर तरी बिथरतात का बघायचं. तू लगेच, "डबा मी बनवतो, झकास बनवतो." बनवलास का? नाही! कावीळ झाली तरी उसाचा रस पितोय, बरं वाटतंय, असं म्हणत कामावर जात राहिलास. विश्वाच्या जन्माची चौकशी करणाऱ्या माणसाला आरशात स्वतःचे पिवळे डोळे दिसू नयेत? फार राग येतो रे तुझा. आणि मग तू नाहीस म्हणून रडू येतं.

तर आज सकाळचं सांगते. मी काकांना स्पष्टच म्हटलं, मला लग्न नको, मला शिकायचंय. काका हळवे झाले. "बाये, मी त्येका शबूद दिलंय. आता तो मोडू कसो?"

मी विचारलं, "तुम्ही शब्द दिलात आणि लगेच कावळा शिवला?"

आईने मान वर केली. आम्हाला तर सगळ्यांनी घरी येऊन सांगितलं होतं, शिवला म्हणून. काका पंच्याने डोळे पुसायला लागले. "नाय शिवाक. मी तुझ्या लग्नाचा बोललंय, वैनीक सांभाळतंय म्हणान बोललंय. झाडार कावळे होते, पण एक खाली येवक नाय. मगे भटजींनी दर्भाचो कावळो केल्यानी नि लायलो पिंडाक."

मी म्हटलं, "काका, मग दादाने तुमचा शब्द घेतलाच कुठे?"

कावळ्याला मी मानते की नाही, हे तुला ठाऊक आहे. पण काका मानतात ना! त्यांनी टोपी हातात फिरवली आणि ते म्हणाले, "मुलुंडाक मी नाय म्हणान सांगतंय." एवढंच. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

आई मात्र तशीच बसून होती. मग हळूच म्हणाली, "त्याचं काय राहिलं असेल गं?" संपात बाबांची गिरणी गेली, मागून बाबा गेले, आता तू. तिला मी काय सांगू? तिच्याजवळ बसून तुझ्या लाटांबद्दलच सांगितलं, अगदी पहिल्यापासून. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऐकू येईल का तुला ते?" तुझाच सूर रे! मी म्हटलं, "ठाऊक नाही आई. बहुतेक माझ्या जन्मात नाहीच."

"मग जा," ती म्हणाली. "कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

दादा, मी जातेय. लाट सापडेलच असा शब्द देत नाही, तो काकांसारखा होईल. एवढंच कबूल करते, की डबा कितीही वर्षं गप्प राहिला, सर वैतागले, लोक हसले, तरी मी दर्भाची लाट करून लावणार नाही. आली नाही तर आली नाही म्हणूनच लिहीन, आणि पुन्हा ऐकायला बसेन.

तुझी,
शैला