शंभर मैलांमागे तीन

शनि. १४ ऑक्टो. २००६, डब्लिन, ओहायो

टायरचं तिसरं दुकान. सेल्समन म्हणाला, इथे विंटर टायर कोण घालतं, ऑल-सीझन पुरतात. मी लोड इंडेक्स विचारला. त्याने मला टायरचा फोटो दाखवला.

मापं पुन्हा लिहून ठेवते. सोळा लेड बॅटऱ्या, सगळ्या मागे. मागची सीट काढलेली. गाडी पेट्रोलची होती तेव्हा हलकी होती, बॅटरीवर चालणारी करून घेतल्यापासून नाही. काट्यावर, दोघं बसलेले असताना, मागचा आक्सल ९३० किलो. म्हणजे एका चाकावर ४६५. आत्ताचा ८२ इंडेक्सचा टायर ४७५ पेलतो. दहा किलो शिल्लक. दहा किलोंच्या भरवशावर मी ओहायोचा हिवाळा काढणार नाही. ८६ हवा, तो ५३० पेलतो. तेरा इंची रिमवर मिळत नाही, म्हणजे रिम्सही चौदाच्या घ्याव्या लागतील.

बाबा दुकानात टायरची कड दाबून बघत होते. बाहेर आल्यावर, "त्याला टायर विकायचा आहे, तुला घ्यायचा आहे. दोन वेगळे धंदे आहेत."

त्यांना येऊन दोन आठवडे झाले. आई गेल्यापासून अकोल्याच्या बाहेर पहिल्यांदाच.

रवि. १५ ऑक्टो.

जुन्या टायरचा घेर मोजला. टायरवर खडूची खूण, गाडी हळू ढकलायची, दहा फेरे, टेप. बाबांनी टेपचं टोक धरलं. १७.२२ मीटर. एक फेरा १.७२२. पुन्हा केलं, तेच आलं.

बाबा म्हणाले, डेपोत आम्ही सुतळीने करायचो. अडतीस वर्षं बसच्या वर्कशॉपात होते. टेपवर त्यांचा फारसा विश्वास नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, त्यामुळे आकडा त्यांनी मला वाचायला लावला.

मंगळ. २४ ऑक्टो.

वेबवर ८६ इंडेक्सचे टायर मिळाले. विकणारा गोड. फार गोड. साइडवॉलचा फोटो मागितला तर तीन दिवसांनी आला, शेवटचे चार आकडे अंगठ्याखाली. दुसरा मागितला. २२०१. २००१ चा बाविसावा आठवडा. पाच वर्षं गोडाऊनमध्ये पडलेलं रबर.

बाबा: "रबर काही भाकरी नाही, पण शिळं होतंच."

कॅन्सल केलं.

शनि. २८ ऑक्टो.

बाबांना चालताना एक टायर शॉप सापडलंय. घरापासून दीड मैलही नाही. रूबेन नावाच्या माणसाचं. गाडी आत घ्यायच्या दोन जागा, म्हणजे बे, अंगणात लाल विटांचा चुरा पसरलेला. मी म्हटलं, मोठ्या दुकानांकडे नाही ते याच्याकडे कुठून असणार? रूबेनने माझा कागद दोनदा वाचला. १७५/६५ आर १४, एक्स्ट्रा लोड, ८६. रिमचा ऑफसेट, हबचं भोक. म्हणाला पाच दिवस.

तीन दुकानं जे मिळत नाही म्हणाली ते याला पाच दिवसांत कसं मिळतं?

आणि तो बाबांना 'मिस्टर के' म्हणाला. कुलकर्णी मी तरी सांगितलं नव्हतं. बाबांचं इंग्रजी 'थँक यू' आणि 'नो नो'.

शनि. ४ नोव्हें.

टायर आले. कोड ३१०६, तीन महिन्यांपूर्वीचे. इंडेक्स ८६, साइडवॉलवर स्वतः वाचला. रिमवरचा लोडचा शिक्का आरसा घालून पाहिला, बरोबर. बॅलन्सिंग बरोबर. शोधून काही सापडलं नाही. नट मोजून आवळायचा टॉर्क रेंच माझा मी नेला होता, रूबेन हसला. हसू दे.

प्रत्येक नट आवळला की बाबा खिशातून नेलपॉलिशच्या बाटलीएवढी एक बाटली काढायचे आणि नटवरून रिमवर जाणारी एक बारीक पिवळी रेघ ओढायचे. डेपोतली त्यांची पद्धत. नट ढिला झाला की रेघ मोडते, ड्रायव्हरला लांबून दिसतं. अकोल्याहून ऑइल पेंटची बाटली आणली होती म्हणजे. सामान भरताना औषधं विसरले होते.

शुक्र. १७ नोव्हें.

आठवड्याची नोंद (शनि. ते शुक्र.): ओडोमीटरवर ८७.७ मैल. जुन्या टायरवर ८७.६ असायचे. ऑफिस चार दिवस, शनिवारी ग्रोसरी आणि लायब्ररी. बुधवारी टेस्ट साइटला ऑफिसातल्या मैत्रिणीच्या, डेनिसच्या, व्हॅनमधून, त्या दिवशी गाडी घरीच.

विजेचा खर्च मैलामागे २४० वॅट-अवरवरून २६५. थंडी थोडी, टायर थोडे. सकाळी २८ फॅ. असताना ऑफिसातून परत येऊन पाचेक मैल उरतात. ऑफिसात प्लग देत नाहीत. बॅटरीत पाच मैल, एवढंच.

मराठी मंडळात जोगळेकरकाका: "अनघा, तुझा मिक्सर चालतो का गं थंडीत?" चालतो म्हटलं.

शनि. ९ डिसें.

सकाळी टायरच्या बारीक चिरांमधून खडे काढत होते. एका चिरेत लाल विटेचे कण. रूबेनकडे आम्ही ४ नोव्हेंबरला गेलो होतो. त्याला पाच आठवडे झाले, पाऊस झाला, चारशे मैल झाले. इतके दिवस टिकणार नाहीत.

मग आठवड्यांचे आकडे पुन्हा काढले. ८७.७, ८७.५, ८७.८. जुन्या टायरइतकेच. तीन आठवडे मी यावर समाधानी होते. मूर्खपणा. नवीन टायर मोठे आहेत, वर जुने झिजलेले होते. घेर मोठा म्हणजे त्याच अंतरात फेरे कमी. ओडो कमी दाखवायला हवा होता.

दुपारी मोजून घेतलं. बाबांना म्हटलं, नवीन टायरचा घेर राहिलाय, टेप धरा. दहा फेरे, १७.७६. बाबा टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "म्हणजे मीटर आता शंभर मैलांमागे तीन कमी दाखवणार."

मी म्हटलं, "हो. दाखवायला हवा."

त्यांनी टेप पुरता गुंडाळला. मग ते म्हणाले, चहा टाकू का.

हिशेब: ८५ यायला हवेत, येतात ८७.७. जादाचं खरं अंतर आठवड्याला तीन मैलांहून थोडं कमी. जाऊन-येऊन. रूबेनचं शॉप १.४.

मी नसताना गाडी घरी फक्त बुधवारी असते. किल्ली खुंटीवर. बाबांचं लायसन्स मागच्या वर्षी संपलं, डोळ्यामुळे रिन्यू झालं नाही. इन्शुरन्स फक्त माझा.

मंगळ. १२ डिसें.

झोपायच्या आधी ओडो लिहून ठेवला. वडिलांच्या मागे असा आकडा लिहिताना बरं वाटलं नाही. तरी लिहिला.

बुध. १३ डिसें.

तोच आकडा. दशांशसुद्धा हललेला नाही.

बाबा म्हणाले, आज दिवसभर झोपलो, बाहेर फार गार होतं.

शुक्र. १५ डिसें.

८४.८. गणित जुळलं. त्यांनाही जुळवता येतं हे मी विसरले होते.

बुध. १० जाने. २००७

डेनिसने व्हॅनला विंटर टायर बसवले. टेस्ट साइटच्या पार्किंगमध्ये उतरताना खाली लक्ष गेलं. प्रत्येक नटवर पिवळी रेघ.

कुठे बसवले विचारलं. रूबेनकडे, मागच्या बुधवारी, तू साइटवर होतीस तेव्हा, तूच सांगितलं होतंस ना. म्हणाली, "त्याच्याकडे एक म्हातारा आहे. हात लावायच्या आधी पाच मिनिटं नुसता बघत बसतो. मग रूबेनची चूक काढतो, बोलत नाही, फक्त बोट दाखवतो. रूबेन त्याला घाबरतो."

मी रेघेबद्दल काही बोलले नाही. डेनिसला बाबा माहीत आहेत, पण तिने पाहिलेले नाहीत.

मागच्या बुधवारी ओडो हलला नव्हता. म्हणजे चालत जातात.

गुरु. ११ जाने.

व्हिजिटर व्हिसावर काम चालत नाही. रूबेन त्यांना काही देतो का? देत नसेल. पण पाच दिवसांत आलेले टायर, कुठेही न मिळणाऱ्या रिम्स, ते काय होतं? बाबांना त्याने हात लावू दिला आणि मला रिम्स मिळाल्या. की उलटं?

माझा ग्रीन कार्डाचा अर्ज दोन वर्षं पडून आहे. वकिलाला ईमेल लिहायला घेतली: "एखादी व्हिजिटर व्यक्ती मोबदला न घेता एखाद्या दुकानात मदत करत असेल तर..." लिहिलं की ते कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये राहणार. पाठवली नाही. ड्राफ्टही काढून टाकला.

बाबांना विचारलं तर ते खोटं बोलणार नाहीत. म्हणून विचारत नाही. त्यांनी हो म्हटलं की मला माहीत आहे असं होतं.

शनि. २७ जाने.

इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये पिशव्या ठेवत होते. शेजारच्या गाडीच्या नटांवर पिवळी रेघ. पलीकडच्या गाडीवरही. वाकून बघत गेले. एकूण चार गाड्या. दोन ओळखीच्या.

जोगळेकरकाकू मागून आल्या. "काय शोधतेस गं, काही पडलं का?"

नाही म्हटलं.

"अगं, तुझ्या बाबांनी आमच्या गाडीचं काय केलंय बघ ना. कधीपासून स्टिअरिंग थरथरायचं, हे म्हणायचे रस्ता खराब आहे. बाबांनी नुसतं चाक फिरवून सांगितलं, रिम वाकलीय." मग आवाज खाली आणून, "तुला सांगू नका म्हणाले होते. तुला काळजी वाटते म्हणे."

किती जणांना माहीत आहे विचारलं.

"अगं, मंडळात सगळ्यांनाच. यांनी ईमेल टाकली ना ग्रुपवर, बुधवारी रूबेनकडे गाडी न्या म्हणून."

ग्रुपवर. वकिलाची ईमेल मी पुसली, आणि इकडे नव्वद घरांना गेली.

गाडीत बसून दहा मिनिटं हीटर न लावता थांबले. हीटर लावला असता तर परतीला पुरलं नसतं.

बुध. ३१ जाने.

सहा इंच बर्फ. साडेपाचला घरी आले. ओडो तोच. बाबांचे बूट हीटरच्या जाळीवर वाळत होते. डाव्या तळव्यावर खरचटलेलं, त्यावर हळद.

"काऊन लागलं?" मी त्यांच्यासारखंच वऱ्हाडीत विचारलं.

"पोस्ट बघायला गेलो होतो. पाय सटकला. हात टेकला म्हणून वाचलो."

आमचं पोस्ट दारातच येतं. चार पावलं. त्या चार पावलांवर मी सकाळी मीठ टाकून गेले होते.

पोळी एका हाताने तोडत होते. मी भाजी वाढली. ते म्हणाले, "तुझ्या टायरांना बर्फात ग्रिप चांगली मिळते ना?"

मी म्हटलं, मिळते.

"टायर चांगले निवडलेस."

मी चार चाकांसाठी दीड महिना घालवला. दर चाकाला ५३० किलो. सदुसष्ट वर्षांचा माणूस अकोल्याच्या रबरी तळव्याच्या बुटांवर एक डोळा मिटून तीन मैल बर्फातून चालला, कारण मी दहा फेरे मोजले.

मोजलं नसतं तर गाडीने गेले असते. तेही चालणारं नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि त्याचं गणित होत नाही.

शनि. ३ फेब्रु.

बाबांसाठी बूट घेतले. तळव्याला खोल खाच, थंडीत कडक न होणारं रबर. दुकानात त्यांनी तळवा वाकवून पाहिला, नख रोवलं, कड तपासली. "कोड नाही यावर," म्हणाले. मला हसू आलं, ते हसले नाहीत.

परतीचं तिकीट २९ मार्च. अजून आठ बुधवार.

मंगळ. ६ फेब्रु.

डेनिसला फोन केला: उद्या घरून नको, मला ऑफिसातून घे.

का, तिने विचारलं नाही. मला कोणी न विचारलेलं बरं वाटतं. बाबांनाही तसंच वाटत असावं. हे माझ्याकडे त्यांच्याकडूनच आलं असणार.

किल्ली आज खुंटीवर न ठेवता खिशात ठेवली.

बुध. ७ फेब्रु.

सकाळी ९ फॅ. बाबा आंघोळ करून, स्वेटर, टोपी घालून, नऊ वाजायची वाट बघत बसलेले. पेपर हातात, उघडलेला नाही.

"व्हॅन आली नाही का?"

"आज गाडी नेते."

"बुधवारी?"

"हो." बूट घालताना वर न बघता म्हटलं, "वाटेत कुठे उतरायचं असेल तर सोडते."

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग, "वाटेत म्हणजे कुठे?"

"कुठेही. रूबेनच्या अलीकडे सिग्नल आहे तिथे. चहा प्यायला वगैरे."

"चहा कुठे," बाबा म्हणाले. "कॉफी असते. पाणी नुसतं."

नवीन बूट घातले. जाकिटाचा उजवा खिसा पेंटच्या बाटलीएवढा फुगलेला होता. मी डावीकडे बघितलं.

सिग्नलच्या आधी थांबवली. उतरल्यावर लगेच गेले नाहीत. पुढच्या चाकाशी वाकले, मग मागच्या, चारही चाकांचे नट बघून आले. डावा डोळा बारीक करून. काचेवर टकटक केलं.

"मागच्या उजव्याची एक रेघ पुसट झालीय. रात्री काढून देतो."

"नट ढिला आहे?"

"नाही. रेघ पुसट आहे."

लाल चुऱ्यावर बर्फ होता, त्यांच्या पावलांखाली थोडा लाल निघत होता. बेचं शटर अर्धं वर होतं. आतून कोणीतरी हात केला. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही.

ओडो लिहायचा राहिला. साडेचारला परत येताना त्यांना घ्यायचं आहे, तेव्हाही लिहिणार नाही बहुतेक. वकिलाचा नंबर समोर ठेवलाय. अजून फिरवलेला नाही.